साडूभाऊंची ओली भिंत

पसाऱ्यात सुखानं राहणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू निघाला. मित्र आपण निवडतो, बायको आपणच निवडली असा निदान भास तरी होतो. साडू मात्र बायकोच्या बहिणीनं निवडलेला असतो, आणि त्याच्याशी आपली तुलना जन्मभर फुकटात होत राहते. तो स्वतः कधी ती तुलना करत नाही, हे तर आणखी वाईट. करत असता तर निदान भांडता आलं असतं. मी त्याच्यावर जळतो, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लिहिताना माझी आणि वाचताना तुमची पंचाईत होणार नाही. माझ्या बायकोला हे लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. त्याला ते अजून कळलेलं नाही, किंवा कळून त्यानं ते आपल्या घरातल्या बाकीच्या वस्तूंसारखं कुठंतरी ठेवून दिलं आहे आणि आता त्याला ते सापडत नाही.

तो जन्मानं इंदूरजवळच्या महूचा. आजोबा फौजेत, वडील फौजेत, आणि हा इंदूरला पलासियाच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. दिवसभर लोकांना ‘श्वास रोखा’ सांगून घरी येतो आणि घरी मात्र कुणाला कशासाठीही रोखत नाही. मी नाशिकचा. नोकरीनं इंदूरला आणलं, पीथमपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात आहे. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधायचा मला पगार मिळतो आणि ते काम मी घरीही बिनपगारी करतो, असं बायको म्हणते. आमच्या दोघांच्या बायका म्हणजे महूच्या एका फौजी स्टोअरकीपरच्या दोन मुली. त्यांना भाऊ नाही. सासूबाई गेल्या, बाबा एकटे राहिले, आणि एकदा न्हाणीघरात पाय घसरून पडले, तेव्हा त्यांनी महूला एकटं राहायचं नाही असं दोन्ही मुलींनी मिळून ठरवलं. पण राहायचं कुणाकडं? बाबांनी हिशेबी फौजी उत्तर दिलं. “मुलीच्या घरी तिच्या खोलीत घुसून राहणार नाही. माझी वेगळी खोली करा. जिकडं आधी होईल तिकडं येतो.”

मला हे ऐकून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बाबा मला मनापासून आवडतात. माझे वडील मी लहान असतानाच गेले. घरात कुणी वडीलधारं सकाळी उठून खोकतंय, रेडिओचं बटण पिरगाळतंय, हे सुख मला कधी मिळालंच नव्हतं, आणि ते आता हाताच्या अंतरावर आलं होतं. शिवाय बाबा म्हणजे शिस्त. त्यांच्या घोंगडीची घडी पट्टीनं मोजून घ्यावी अशी. सकाळची वंदना, चहा, दाढी, सगळं घड्याळाच्या काट्यावर. असा माणूस माझ्याकडंच येणार, साडूकडं कसा जाईल? त्याच्याकडं तर पायातली चप्पलही आपली आपल्याला सापडत नाही. त्यातून शर्यत बांधकाम आधी संपवण्याची. दिवाळी झाल्यावर दोन्ही घरांत एकाच आठवड्यात तोडफोड सुरू झाली तेव्हा मी मनात निकाल लावून टाकला होता.

माझी पद्धत अशी: आधी सगळं सामान खोक्यांत भरलं, खोक्यांवर चिठ्ठ्या डकवल्या, खोक्यांवर प्लास्टिक टाकलं, प्लास्टिकवर दोरी आवळली. नंतर कळलं की चमचे ‘किरकोळ’मध्ये आहेत आणि ‘किरकोळ’ लिहिलेली खोकी अर्धी खोली अडवून बसली आहेत. कित्येक महिने आम्ही वरणभात तांदूळ मोजायच्या मापट्यानं खाल्ला. माझा कंगवा, बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्या, गॅसचा लायटर, सगळं अतिशय व्यवस्थित ठेवलेलं आणि म्हणूनच हाती न लागणारं. धुळीनं बायको दिवसभर खोकायची आणि मी टाइलच्या फटी मोजायचो. आमच्यात बोलणं असं उरलंच नाही. जे काय बोलायचं ते ठेकेदाराला उद्देशून. “यांना विचारा, सिंक किती उंचीवर पाहिजे,” असं ती त्याला सांगायची आणि मी त्याच्याच तोंडाकडं बघून उत्तर द्यायचो. तो बिचारा इतका गोंधळला की सिंक मधल्याच कुठल्यातरी उंचीवर बसलं, आणि ते आता आम्हा दोघांनाही पुरत नाही.

आणि साडूकडं? साडूचं म्हणणं असं की सामान बांधलं की घर मरतं. त्यानं एक वाटी बांधली नाही. एका खोलीचं काम निघालं की ते अख्खं घर, पलंग-टीव्ही-लोणच्याच्या बरण्यांसकट, दुसऱ्या खोलीत जायचं, आणि तिथं मिस्त्री पोचला की परत पहिलीत. फ्रिज बाहेर गॅलरीत होता, त्यामुळं गल्लीतले लोक जाता-येता थंड पाणी पिऊन जायचे आणि बाटल्या भरून ठेवायचे. टीव्ही स्वयंपाकघरात आल्यामुळं ताई, म्हणजे माझी मेहुणी, पोळ्या लाटता लाटता बातम्या बघू लागली आणि म्हणाली, आता तो इथंच राहू दे. सिमेंटच्या गोण्यांवर चादर टाकून त्यानं बैठक केली होती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला त्याच गोण्यांवर बसवून त्यानं पोहे पुढं केले. वर शेव, कांदा, आणि लालसर काहीतरी भुरभुरलेलं. मी म्हणालो, “जीरावण मसाला जास्त पडलाय वाटतं.” त्यानं वाकून पाहिलं. “नाही रे भिया, वरून वीट घासतायत ना. तू खा आरामात, अपन पण तेच खाल्लं.” आणि सांगायला लाज वाटते, पण पोहे उत्तम होते.

नकाशा हा प्रकार त्याच्याकडं नव्हताच. घर कसं व्हावं हे येईल त्याला विचारून ठरायचं. बाथरूमची टाइल सिलिंडर घेऊन आलेल्या माणसानं पसंत केली. एकदा मानपूरकडं कुठं लग्नाला गेला होता, तिथं रस्त्याकडेला कुणाच्या तरी पाडलेल्या घराचा सागवानी दरवाजा दिसला; हा तो टेम्पोत घालून घेऊन आला. दरवाजा चौकटीपेक्षा बराच मोठा निघाला. कुणीही दरवाजा कापला असता. यानं भिंत फोडली. “लाकूड जुनं आहे भिया, भिंत तर कालची,” म्हणाला. स्कूटरची चावी एका भिंतीच्या गिलाव्यात गेली, तर डोक्याला हात लावून बसायचं सोडून तो दुसरी चावी वापरू लागला आणि आल्यागेल्याला ती भिंत दाखवून सांगू लागला की इथं, बरोब्बर इथं, खांद्याच्या उंचीवर आहे. फिल्म काढली तर दिसेल. एका रविवारी बांधकामाच्याच विटांची चूल मांडून त्यानं मिस्त्री-मजुरांसकट सगळ्या गल्लीला दाल-बाफले खाऊ घातले, आणि सोमवारी त्याच विटा भिंतीत गेल्या. त्या भिंतीचा खालचा भाग अजून काळपट आहे. अशा घरात माणसाला रात्री झोप कशी लागते, असं मी ताईला विचारलं, तर ती म्हणाली, “यांना? यांना तर मलब्याच्या ढिगावर पण लागते.”

इथवर सगळं ठीक होतं. तो हरणार हे दिसत होतं आणि हरणाऱ्याबद्दल मी नेहमीच उदार असतो. पण मग बाबांची गोष्ट झाली. मी बाबांना फोन करून सांगितलं होतं, “धुळीत अजिबात येऊ नका. खोली तयार झाली की मी स्वतः गाडी घेऊन येतो.” साडूनं फोनबिन केला नाही. काम सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांतच तो स्कूटर घेऊन महूला गेला, बाबांना मागं बसवलं, त्यांच्या मांडीवर त्यांचीच घडीची खुर्ची दिली आणि दोघं हमरस्त्यानं इंदूरला आले. घरी आल्यावर खुर्ची ताज्या गिलाव्यासमोर टाकली, बाबांच्या हातात पाण्याचा पाइप दिला आणि सांगितलं, “बाबा, ह्या भिंतीला पाणी मारायचं. हे लोक माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील.”

झालं. पडल्यापासून ज्यांना आम्ही सगळे काचेच्या भांड्यासारखं उचलत-ठेवत होतो, ते बाबा गंजिफ्रॉकवर, डोक्याला रुमाल बांधून सकाळ-संध्याकाळ भिंतींना पाणी मारू लागले. पाणी मारून झालं की रेती चाळणाऱ्याला सूचना, ओळंबा धरणाऱ्याला सूचना, मग जेवणाची सुट्टी किती वाजता होईल त्याची घोषणा. मजूर त्यांना ‘सूबेदारसाब’ म्हणू लागले. बाबा स्टोअरकीपर होते, सुभेदार कधीच नव्हते, पण त्यांनी ती चूक दुरुस्त केली नाही. माझी बायको त्यांना भेटायला म्हणून जायची ती केसांत सिमेंट घेऊन, हसत परत यायची. आमच्या घरच्या धुळीनं तिला खोकला येतो. तिकडच्या धुळीनं येत नव्हता. “बाबा आज मिस्त्रीला कवायत शिकवत होते,” ती मला सांगायची, आणि मी टाइल पुसत म्हणायचो, “छान.” त्या ‘छान’मध्ये काय काय होतं ते मलाच ठाऊक. बाबा त्याला ‘बेटा, तू’ म्हणतात आणि मला ‘जावईबापू, तुम्ही’. हा मान आहे असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आलो होतो. त्या दिवसांत ते समजावणं बंद पडलं.

तरी मी धीर सोडला नाही. शर्यत ती शर्यत. होळीच्या आधी माझी खोली तयार झाली. पाय घसरणार नाही अशी फरशी, न्हाणीत धरायला दांडे, रात्री आपोआप लागणारा मंद दिवा, उशाशी घंटी. भिंतीवर हात फिरवला तर हाताला काही लागू नये. मी गाडी घेऊन बाबांना आणायला साडूकडं गेलो तेव्हा तिथं छतच अजून अर्धं होतं. साडूनं स्वतः बाबांची बॅग गाडीत ठेवली. “फर्स्ट क्लास झालीय खोली, मी बघून आलो ना,” असं तोच बाबांना सांगत होता. बाबांनी खोली पाहिली, दांडे हलवून पाहिले, दिव्याखालून दोनदा जाऊन आले. म्हणाले, “एक नंबर. अगदी मिलिटरी हॉस्पिटलसारखी.” मला तेव्हा ती शाबासकीच वाटली.

सकाळी मी पाहिलं तर बाबा पलंगाच्या कडेला, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. अंघोळ, दाढी, घडी, सगळं झालेलं. मला बघून त्यांनी विचारलं, “जावईबापू, काही काम आहे का?” मी म्हणालो, “काही नाही बाबा. तुम्ही फक्त आराम करायचा.” दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तसेच बसलेले, पुन्हा तोच प्रश्न, आणि मी पुन्हा त्याच प्रेमानं तेच उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशी ते बॅग घेऊन दिवाणखान्यात आले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तिकडची गच्चीची भिंत कोरडी पडली असेल. जाऊन बघतो.” ते गेले आणि आलेच नाहीत. शर्यत मी जिंकली होती, खोली माझ्याकडं होती, आणि बाबा त्याच्याकडं. त्या रिकाम्या खोलीतला दिवा रात्री कुणी गेलं नाही तरी कधीकधी आपोआप लागायचा, आणि मला फार वाईट वाटायचं.

होळी गेली, ऊन तापायला लागलं, साडूचं काम काही संपेना. एक भिंत वाळत आली की तो दुसरं काहीतरी काढायचा. जिना, गच्चीचा कठडा, स्वयंपाकाचा ओटा, मग अंगणाची भिंत. मी मनात म्हणायचो, गबाळा माणूस, दुसरं काय होणार? शेवटी एकदा त्याच्या अंगणात उभं राहून मी जरा खोचकच विचारलं, “साडूभाऊ, हे संपणार कधी?” बाबा पलीकडं पाइपचं तोंड बोटानं दाबून फवारा मारत होते. साडूनं त्यांच्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “संपवायचं कशाला भिया? काम संपलं की बाबा पाहुणे होऊन जातील. पाहुणा माणूस किती दिवस टिकतो? आणि महूच्या घराची चावी त्यांच्या खिशात आहे, तू बघितलं नाही का?”

मी बघितलं नव्हतं. मी नळाच्या तोट्या बघितल्या होत्या. घरी येताना सिग्नलला गाडी उभी होती आणि मला अक्षरशः रडू येईल असं झालं, दुःखानं नव्हे, मत्सरानं. तो गबाळा आहे म्हणून सुखी आहे, इतकं मी कसंबसं पचवलं होतं. पण या गबाळेपणाच्या आत अक्कल आहे, आणि ती माझ्या सगळ्या दांड्यांपेक्षा आणि घंट्यांपेक्षा बाबांच्या जास्त जवळ जाते, हे मला पचेना. आजवर त्याच्या सुखाचा हेवा वाटत होता, आता त्याच्या समजेचा वाटू लागला, आणि हा दुसरा हेवा फार जाळतो.

पुढच्या रविवारी दुपारी बायको बाहेर गेली होती तेव्हा मी न्हाणीतला मग घेतला, बाबांच्या खोलीत गेलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं उत्तम झालेलं काम बिघडवलं. पलंगामागच्या भिंतीवर मगामागून मग पाणी मारलं. मग फोन लावला. “बाबा, खोलीत ओल आली आहे. मला काही कळत नाही. तुम्ही येऊन बघता का?” बाबांचा आवाज एकदम ताठ झाला. “हात लावू नका. निघालोच.”

ते आले ते साडूच्या स्कूटरवर, अर्थातच. बाबा थेट भिंतीपाशी गेले, तळवा टेकवून उभे राहिले. साडू मागून आला. त्यानं भिंत पाहिली. मग स्विचवर उडालेले थेंब पाहिले, पडद्याची भिजलेली कड पाहिली, आणि घाईत मी खिडकीत ठेवलेला मग पाहिला. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. आता हा हसणार, हे मला कळलं. आणि संध्याकाळपर्यंत ही हकिगत महूपर्यंत जाणार, प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक बारशात मला ऐकावी लागणार, हेही कळलं.

साडू खाली वाकला, भिंतीला कान लावला, दोनदा टकटक केली. मग उठून पँट झटकत बाबांना म्हणाला, “बाबा, ही तर आतली ओल आहे. हिच्यावर रोज नजर पाहिजे. भियाला कारखान्यातून टाइम कुठं मिळतो? तुम्ही इथंच राहा आता. बारिश होईपर्यंत तरी.”

“आणि तिकडची अंगणाची भिंत?” बाबांनी विचारलं.

“ती वाळली बाबा,” साडू म्हणाला. “एकदम पक्की झाली.”

ती वाळली नव्हती. तिचा गिलावा आदल्याच दिवशी झाला होता, मी स्वतः पाहिला होता, आणि निघण्याआधी त्याला पाणी मारूनच बाबा आले असणार. बाबा क्षणभर त्याच्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, “बरं. बॅग आणून दे.” तो ‘शाम को आणतो’ म्हणून निघाला. मी फाटकापर्यंत गेलो. त्यानं त्या मगाचा विषय काढला नाही, फक्त “पडदा वाळत घाल भिया” इतकंच म्हणाला. स्कूटरवर मागं बाबा बसले आहेत अशा बेतानं तो खड्डे चुकवत, हळूहळू गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

संध्याकाळी बाबा माझ्याजवळ येऊन बसले. “जावईबापू,” ते म्हणाले, “ओल खालून वर चढते, नाहीतर वरून खाली उतरते. मधल्यामध्ये येत नाही.” ते पुढं म्हणाले, “पण आता भिंतीवरची पुट्टी फुगणार. खरवडायला पत्रा आहे का घरात?” पत्रा ‘किरकोळ’मध्ये होता. दोघांनी मिळून खोकी उघडली, आणि त्यात बायकोचे चमचेही सापडले.

बाबा आता माझ्याकडं आहेत. पुट्टी खरोखरच फुगली, ती त्यांनी खरवडली, आणि तेवढ्यात त्यांना आमचं सिंक दिसलं. ते योग्य उंचीवर घेण्याचं काम सध्या त्यांच्या देखरेखीखाली चालू आहे. सकाळी ते खोकतात, रेडिओचं बटण पिरगाळतात, मला हवं होतं ते सगळं होतं. घरात धूळ आहे आणि बायको खोकत नाही. तरीही माझं जळणं गेलेलं नाही. मी माझं काम बिघडवून बाबांना मिळवलं. त्यानं ओल्या भिंतीला वाळलेली म्हणून बाबांना देऊन टाकलं. हे मला जमलं नसतं. त्याच्या जागी मी असतो तर मी तो मग उचलून सगळ्यांना दाखवला असता.

ताई परवा सांगत होती, अंगणाची भिंत आता सचमुच वाळली. पण तो रोज सकाळी पाइप लावून तिच्यावर पाणी मारतो आणि मग तिथंच बसून पोहे खातो, एकटाच. ते ऐकल्यापासून मला चैन पडेना. काल मी त्याला फोन केला आणि म्हणालो, “साडूभाऊ, ओल पसरली आहे. बाबांच्यानं एकट्यानं होत नाही. रविवारी येत जा.” तो म्हणाला, “रविवारच का भिया? अपन ड्यूटीला जाता जाता रोज येऊ ना.” फोन ठेवला आणि लगेच मनात आलं की संपलं, आता बाबा रोज सकाळी त्याच्याशीच बोलत बसणार, माझ्याकडं ढुंकून बघणार नाहीत. मग मी बायकोला उद्यापासून पोहे जास्तीचे भिजवायला सांगितलं आणि शेव आणायला स्वतः बाहेर पडलो.